कार्डिंग खात्याचं रक्त

मिलमध्ये आपल्याला एकही शत्रू नव्हता, असं श्रीपाद टेंबे मानत आले होते. ते टाइम ऑफिसात होते. फाटकाशी एक खिडकी, खिडकीमागे टेंबे आणि टेंब्यांच्या डोक्यावर घड्याळ. भोंगा होऊन पाचेक मिनिटं गेली की ते खिडकी लावून घेत आणि बाहेर राहिलेल्याची अर्धी पाळी बुडे. यात राग नाही, लोभ नाही, असं त्यांचं म्हणणं. कामगार त्यांना तोंडावर ‘बाबूजी’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते सुलोचनाबाईंना चांगलं ठाऊक होतं, कारण भाजीबाजारात त्या त्यांच्या पाठीमागेच उभ्या असत. पण नवऱ्याला ते सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही. बिचारा जेवायचा थांबला असता.

पुढे देशात नव्या धोरणाचे वारे वाहू लागले आणि इंदूरच्या मिलना एकेक करत कुलपं लागली. टेंब्यांचं फाटक बंद झालं तेव्हा त्यांची अमिता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बारावीनंतर तिने मेडिकलची परीक्षा दिली होती आणि ती थोडक्यात हुकली होती. पुन्हा दे, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मला आजारी माणसं नाही बघायची. काही माणसं आजारी का पडत नाहीत, ते बघायचंय.”

“जी आजारीच नाहीत, ती तुला फी कशाला देतील?” बाळकृष्णमामा म्हणाले. हे सुलोचनाबाईंचे धाकटे भाऊ. पलासियात बँकेत अधिकारी होते आणि कुणाचंही भविष्य त्यांना चटकन दिसे. अमिताचं त्यांना कंप्युटरमध्ये दिसत होतं. “पलासियात एकेका बिल्डिंगमध्ये तीन-तीन क्लास निघालेत भाऊजी. सहा महिने शिकली तर सीधी नोकरी.”

अमिता काही सीधी गेली नाही. बीएस्सी झाली, मग खंडवा रोडवरच्या विद्यापीठात एमएस्सी झाली. मग तिने एक देशपातळीवरची परीक्षा दिली. तीत पहिल्यांदा नापास झाली आणि दुसऱ्यांदा अशी पास झाली की पीएचडीसाठी दरमहा फेलोशिप मंजूर झाली. ती बातमी तिने जेवताना सांगितली.

“म्हणजे अभ्यास तू करणार आणि पगार सरकार देणार?” टेंब्यांनी विचारलं.

“पगार नाही बाबा, फेलोशिप.”

“हजेरी कोण घेतं?”

“कुणी नाही घेत.”

“मग सुटी कशी कळते?”

“सुटी अशी नसतेच. पेशी वाढायला ठेवल्या की रविवारीसुद्धा जावं लागतं बघायला.”

“आणि हे संपतं कधी?”

“होईल तेव्हा होईल. चार वर्षं, पाच वर्षं. कुणाला सहाही लागतात.”

टेंब्यांनी हातातला घास परत पानात ठेवला. ज्या कामाला सुरू व्हायची वेळ नाही आणि संपायचीही नाही, त्या कामात मुलगी निघाली होती, आणि घरात आता पगार म्हणावा असा तेवढाच येणार होता. सुलोचनाबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. त्यांचं असं होतं, की कठीण प्रसंगी त्या पोळी वाढत.

विषय काय, तर इम्युनॉलॉजी. अमिताने वडलांना तो एकदा समजावला. शरीरात पहारेकरी पेशी असतात. आपलं कोण आणि परकं कोण, ते त्या ओळखतात. एकदा त्रास दिलेल्या परक्याला त्या लक्षात ठेवतात आणि तो पुन्हा आला की तुटून पडतात. कधी कधी नको तितक्या तुटून पडतात, मग माणसाला दमा होतो.

“म्हणजे टाइम ऑफिस,” टेंबे म्हणाले.

“थोडंफार तसंच,” अमिता म्हणाली, आणि हे कबूल केल्याचा तिला पुढे बराच पश्चात्ताप झाला. त्या दिवसापासून टेंबे भेटेल त्याला सांगू लागले, की मुलगी शरीराच्या टाइम ऑफिसवर संशोधन करते.

गाइड मिळणं हा आणखी एक घाट होता. दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेत ती मुलाखतीला गेली आणि समोरच्या पाच जणांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्नांवर गप्प बसून परत आली. इंदुरात एका सरांकडे जागा नव्हती. दुसऱ्यांकडे जागा होती, पण उंदीर मारावे लागणार होते. शेवटी डॉ. शारदा माहेश्वरी नावाच्या बाईंनी तिला घेतलं. मॅडम कमी बोलत, आणि जे बोलत त्याने समोरच्याचा आठवडा खराब होई. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “तुम्हारे शहर में ऐसा क्या है, जो दिल्ली में नहीं है?”

अमिताने विचार केला आणि म्हणाली, “बंद मिलें.”

मॅडमनी पहिल्यांदा चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

कापूस पिंजायच्या खात्याला, म्हणजे कार्डिंगला, मिलमधलं सगळ्यात धुळीचं खातं म्हणत. तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं ती धूळ छातीत घेऊन खोकला लागे, हे जगाला माहीत होतं. पण मिल बंद होऊन पाच वर्षं झाल्यावर, धूळ नसतानाही त्या माणसांचं रक्त तिला अजून ओळखतं का? एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला कार्डिंगच्या जुन्या कामगारांचं रक्त हवं होतं, आणि तुलनेसाठी त्याच वयाच्या, मिलची पायरी कधीही न चढलेल्या माणसांचं. तुकोगंजातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी रविवार सकाळसाठी दवाखान्याची एक खोली दिली. अमिताने दाराशी कागद लावला. दोन रविवार ती सुया मांडून बसली. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी एक गृहस्थ आले, पण ते वजन करायला आले होते.

मग ती स्वतः कामगारांच्या वस्तीत गेली आणि संध्याकाळी चेहरा पाडून परत आली.

“म्हणतात, आधा खून मिल पी गई, बाकी तुम ले जाओगी,” तिने स्वयंपाकघरात आईला सांगितलं. “तरी दोघंतिघं तयार झाले होते. मग विचारलं, बेटा किसकी लड़की हो?”

“सांगितलंस?”

“सांगितलं. चहा येत होता, तो पण परत गेला.”

सुलोचनाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या वळल्या, तर दारात टेंबे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी एक पोळी कमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर पडले. कार्डिंगची माणसं हलवायची तर आधी जयसिंगरावांना हलवायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. जयसिंगराव कार्डिंगचे जॉबर, म्हणजे माणसं लावणारे, आणि त्यांचा शब्द खात्यात शेवटचा. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घोडे केव्हाच गेले, मिशा मात्र राहिल्या होत्या. मिल गेल्यावर त्यांना पलासियात नव्याने उघडलेल्या एका काचेच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सवर चौकीदाराची नोकरी लागली होती. निळा गणवेश, हातात काठी, आणि काम काय, तर फाटक उघडणं आणि लावणं.

टेंबे पोचले तेव्हा जयसिंगराव फाटकाच्या आत स्टुलावर बसले होते.

“नमस्कार, जयसिंगराव. जरा काम होतं.”

जयसिंगरावांनी सावकाश मनगट वर करून घड्याळ पाहिलं. “दुकानं साडेदहाला उघडतात, बाबूजी. तोवर आत घेता येत नाही. कायदा आहे.”

“दुकानात नाही, तुमच्याकडे काम आहे.”

“मी पण आतच आहे न.”

टेंबे बाहेर उभे राहिले. ऊन चढत गेलं. साडेदहाला फाटक उघडलं, तेव्हा जयसिंगराव म्हणाले, “आता तर माझी ड्यूटी चालू झाली, बाबूजी. ड्यूटीवर बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं. उद्या या.”

दुसऱ्या दिवशीही हाच खेळ झाला. त्या दिवशी जयसिंगरावांच्या बरोबर एक पानवालाही मजा बघत होता. घरी आल्यावर टेंबे पाय चोळत बसले. सुलोचनाबाई म्हणाल्या, “जाऊ द्या न. अमिता बघून घेईल.” टेंबे म्हणाले, “मी त्यांना इतकं उभं केलं होतं का?” बाईंनी कोमट पाणी आणून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी टेंबे जरा लवकरच गेले. फाटकावर कुणी नव्हतं. ते पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने जयसिंगराव घाईघाईने सायकल लोटत आले. सायकलवर बसून चढ चढायचा दम आता राहिला नव्हता. धाप लागली होती आणि खोकला असा उसळत होता की फाटकाचं कुलूप त्यांच्या हातून उघडेना. टेंब्यांनी किल्ली घेऊन ते उघडलं.

“उशीर झाला,” खोकला थांबल्यावर जयसिंगराव म्हणाले. त्यांनी टेंब्यांच्या तोंडाकडे अशा नजरेने बघितलं, की बोला आता काय बोलायचं ते.

“झाला का?” टेंबे म्हणाले. “मला काय कळणार. मी हल्ली घड्याळ लावत नाही.”

घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. जयसिंगरावांनी ते पाहिलं, आणि पाहिल्याचं टेंब्यांनीही पाहिलं. जयसिंगरावांनी आतलं स्टूल बाहेर आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

“बसा. काय काम होतं?”

टेंब्यांनी काम सांगितलं. रक्त, धूळ, पहारेकरी पेशी, टाइम ऑफिस, सगळं. जयसिंगराव ऐकत राहिले. शेवटी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “आणतो माणसं. पण एक शर्त. पहिली सुई तुम्हाला. आमच्यासमोर.”

“एकदम मंजूर,” टेंबे म्हणाले. मुलीच्या संशोधनात पहिलं रक्त आपलं, ही कल्पना त्यांना इतकी आवडली की घरी येताना ते पाय दुखायचे विसरले.

रविवारी दवाखान्याच्या बाकांवर कार्डिंग खातं बसलं होतं. कुणी आता रिक्षा चालवत होतं, तर लक्ष्मण नावाचा एक जण मल्हारगंजात शेवेच्या भट्टीवर होता. काही जण नुसतेच घरी होते. बऱ्याच दिवसांनी सगळे एका जागी आले होते, त्यामुळे खोकल्यांनाही जोर आला होता. टेंबे आत गेले, खुर्चीवर बसले, बाही दंडापर्यंत गुंडाळली आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

अमिताने सुई हातात घेतली नाही. “बाबा, तुमचं नाही चालणार.”

“का? माझ्या रक्ताला काय झालं?”

“झालं काही नाही. तुम्ही फाटकाशी बसायचा. मिलमध्ये होता, म्हणून बिनमिलवाल्यांत तुम्हाला धरता येत नाही. आणि कार्डिंगची धूळ खाल्ली नाही, म्हणून मिलवाल्यांत पण नाही.”

मग जयसिंगराव हसायला लागले. हसता हसता खोकले आणि खोकून झाल्यावर परत हसले. “भिया, सुना क्या?” ते मागे वळून म्हणाले. “जे आपण तीस वर्षं बोलत होतो, ते आज सायन्सने सिद्ध केलं. बाबूजी आपले पण नाहीत आणि मालकाचे पण नाहीत.”

सगळी बाकं हसली. टेंबे बाही खाली करू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. अमिताने ते पाहिलं, आणि वडलांना आपण चार माणसांत हे असं सांगायला नको होतं, हे तिच्या लक्षात आलं. पण उशिरा.

“शर्त शर्त असते, बाई,” जयसिंगराव आता हसू आवरून म्हणाले. “यांना टोचल्याशिवाय आम्हाला नाही.”

“टोचते,” अमिता म्हणाली. “मशीन जुळवून घ्यायला आधी कुणाचंतरी साधं रक्त लागतंच. ते बाबांचं घेते.” हे खरंच होतं. त्या कामासाठी लॅबमधली मुलंमुली आळीपाळीने एकमेकांचं रक्त काढत. पण ते इथे सांगायची गरज तिला वाटली नाही.

टेंब्यांनी पुन्हा बाही वर केली. पुढच्या महिनाभरात निम्म्या मल्हारगंजाला कळलं की विद्यापीठातलं मशीन त्यांच्या रक्तावर चालतं.

बिनमिलवाली माणसं मिळवणं मात्र भारी पडलं. धूळ न खाल्लेल्या माणसांना वेळ नसे. बाळकृष्णमामांना अमिताने तीनदा बोलावलं, तेव्हा चौथ्यांदा ते आले. “मिलचा आणि माझा काही संबंध नाही, हे कागदावर नीट लिही,” असं त्यांनी बसता बसता बजावलं. शेजारी जयसिंगरावांच्या दंडाला पट्टा बांधलेला होता. त्यांची नळी भरू लागली, मामांची नजर तिकडे गेली, आणि बँकेचा अधिकारी खुर्चीवरून हळूहळू उजवीकडे कलला. जयसिंगरावांनी एका हातात सुई तशीच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांना धरलं. शुद्धीवर आल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला, तो “झालं का?” असा. अजून सुई लागायची होती.

असं वर्ष गेलं. आणि मग उन्हाळ्यात एकदा विद्यापीठात शनिवारी दुपारी वीज गेली ती सोमवारपर्यंत आली नाही. जनरेटर सुरूच झाला नाही. निम्म्या माणसांच्या पेशी मरून गेल्या. माहेश्वरी मॅडमनी बाटल्या बघितल्या, म्हणाल्या, “दुबारा करो,” आणि आपल्या खोलीत गेल्या.

अमिता घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. “मी सोडते,” ती म्हणाली. “मामांचं बरोबर होतं. माझ्याबरोबरच्या सगळ्या कुठच्या कुठे गेल्या. मी अजून बाटल्या धुते आहे.”

अशा वेळी मोठ्या माणसाने काहीतरी बोलायचं असतं, एवढं टेंब्यांना माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, “सोडायचं तर सोड. पण त्या लोकांना तू जाऊन सांगायचं. मी नाही सांगणार. मला परत फाटकावर उभं करतील.”

अमिता रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी ती खरंच जयसिंगरावांकडे गेली, ते सोडते म्हणून सांगायलाच. पण त्यांच्यापुढे उभी राहिल्यावर तिच्या तोंडून निघालं, “काका, सगळं खराब झालं. पुन्हा रक्त लागेल.”

“किती जणांचं?”

“निम्म्यांचं.”

जयसिंगराव विचारात पडले. मग म्हणाले, “मागच्या वेळी चहा-बिस्कुट होतं. या वेळी कचोरी लागेल. हे मी माझं नाही बोलत, लोकांचं बोलतो.”

कचोरीवर काम पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात दवाखान्याच्या डॉक्टरांनी जयसिंगरावांची छाती तपासून त्यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे विडी बंद करायला सांगितली आणि पंपाने ओढायचं औषध दिलं. बरे ते होणार नव्हते, पण सायकलवर बसून चढ चढू लागले. बरं होणार नाही हे आणि चढ चढता येतो हे, या दोन्ही गोष्टी त्यांनी घरी सांगितल्या नाहीत. टेंब्यांना सांगितल्या.

सहाव्या वर्षी प्रबंध झाला. शेवटच्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं, असं अमिता सहज बोलून गेली होती. त्या दिवशी विद्यापीठाच्या हॉलमध्ये मागच्या दोन रांगा कार्डिंग खात्याने भरल्या. सगळे धुतलेल्या शर्टात आणि मधोमध टेंबे. त्यांच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती.

अमिता इंग्रजीत बोलली. आलेख आले, गेले. लक्ष्मण झोपला. बाहेरगावच्या परीक्षकांनी अवघड प्रश्न विचारले, आणि एका प्रश्नावर ती बराच वेळ थांबली, तेव्हा टेंब्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण तिने उत्तर दिलं. मग परीक्षक रीतीप्रमाणे म्हणाले, “किसी और को कुछ पूछना है?”

जयसिंगराव उभे राहिले. माहेश्वरी मॅडमनी चष्मा काढला.

“मला एक विचारायचंय,” ते म्हणाले. “आमचं रक्त घेतलं, दोन वेळा घेतलं. तर त्यात निघालं काय?”

अमिता मराठीतच बोलू लागली, अधूनमधून हिंदीत. “तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं रक्त त्या धुळीला अजून ओळखतं, काका. इतकी वर्षं झाली तरी. समोर धूळ आली की पेशी लगेच उठतात. पण काही जणांचं रक्त ती विसरून गेलंय. तुम्ही सगळे एकाच खात्यात, एकाच छपराखाली होता, तरीसुद्धा.”

“काही जणांचं का विसरलं?”

“ते माहीत नाही.”

“आणि जे विसरले नाहीत, त्यांनी करायचं काय?”

अमिताने परीक्षकांकडे बघितलं नाही. “धुळीपासून आणि धुरापासून लांब राहायचं. दम लागला की टाळायचं नाही, दाखवायचं. याच्यापुढे मला आज सांगता येत नाही. माझ्याजवळ औषध नाही, काका.”

जयसिंगरावांनी मान हलवली. “म्हणजे सहा वर्षांनी पक्कं कळलं, की अजून कळलं नाही.”

“हो.”

“ठीक. खोटं तर नाही बोलली.” ते खाली बसले.

सगळ्यात मोठ्याने परीक्षक हसले. नंतर चहाच्या वेळी ते जयसिंगरावांच्या शेजारी उभे राहून कितीतरी वेळ मिलबद्दल विचारत होते. मॅडम टेंब्यांना म्हणाल्या, “आपकी लड़की ठीक है.” अमिताने नंतर सांगितलं, की एवढं कौतुक त्यांनी आजवर कुणाचंच केलं नव्हतं.

पुढे अमिताला पुण्याच्या एका संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालं. ही नोकरी का, असं टेंब्यांनी विचारलं. नोकरीच्या आधीचं काम आहे, असं ती म्हणाली.

ती जायच्या आदल्या दिवशी जयसिंगराव नात पूर्वाला घेऊन घरी आले. पोरगी दहावी झाली होती, हुशार होती. “हिला सांग बाई तुझा रस्ता,” ते म्हणाले. “हिला पण तुझ्यासारखी करायची आहे.”

अमिताने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. बीएस्सी, एमएस्सी, दोनदा दिलेली परीक्षा, दिल्लीची फसलेली मुलाखत, मॅडम, मेलेल्या पेशी, पुन्हा केलेलं काम, सहा वर्षं, आणि आता पुणे. नुसतं रडगाणं वाटू नये म्हणून तिने एक गोष्ट शेवटी सांगितली. दुसऱ्या खेपेला धूळ समोर येताच पहिल्यांदा पेशी हलताना दिसल्या, तेव्हा शहरात ते फक्त तिला एकटीला माहीत होतं, आणि ती दुपारभर कुणालाच न सांगता मजेत बसून राहिली होती.

पूर्वाने सगळं नीट ऐकून घेतलं. सुलोचनाबाईंनी दिलेला लाडू संपवला.

“दीदी, खूप छान आहे,” ती म्हणाली. “मी कॉमर्स घेते.”

सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. जयसिंगरावांची मिशी खाली आली. टेंब्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “चला, कोपऱ्यावर चहा घेऊ.” दोघे जिन्यावरून हळूहळू उतरले. जयसिंगराव मधेच दम घ्यायला थांबले, टेंबेही त्यांच्याबरोबर थांबले. वर अमिता बॅगेत काय ठेवावं आणि काय काढावं याचा विचार करत बसली होती, आणि पूर्वा तिला कपड्यांच्या घड्या घालून देत होती.